प्रतिसाद: 'बा' म्हणजे फक्त बाप?

वर एकांनी लिहिलंय की 'बा' हा 'बाप'चा खेडवळ तुकडा, बाकी त्यात काही नाही. सोलापुरात राहून हे पटायचं नाही हो! इथं बाजारात अक्कलकोटकडची भाकरीवाली गिऱ्हाईक बघून हाक मारते, "बा अव्वा, बा!" नवख्या माणसाला वाटतं, बाई बापाला हाक मारतेय की आईला? कानडीत 'बा' म्हणजे ये, आणि अव्वा म्हणजे आई. मान द्यायचा असेल तर तेच 'बर्री' होतं.

गुजरातीत 'बा' थेट आई. कस्तुरबांना सगळे 'बा'च म्हणत. फारसीतून उर्दूत आलेला 'बा' म्हणजे 'सह': बाअदब, बाइज्जत. चिनीत सूर सपाट ठेवला तर आठ, खाली पाडला तर बाप. व्हिएतनामीत तीन, आणि दक्षिणेकडे बापसुद्धा. प्राचीन इजिप्तमध्ये तर 'बा' हा आत्म्याचा एक भाग, चित्रात माणसाचं डोकं असलेला पक्षी.

बापाचा अर्थ लांबलांबच्या भाषांत सापडतो, कारण ओठ मिटून उघडले की बाळाच्या तोंडून हाच आवाज निघतो. पण मराठीतही तो तेवढ्यावर थांबत नाही. 'नको रे बा' मधला बा कुणाचा बाप? आणि विठोबा, खंडोबातला?

जाता जाता, आमच्या पूर्व भागात तेलुगू घरी 'रा' म्हटलं की आत यायचं. शेजारची मराठी आजी पोराला 'गप रा' म्हणते, तेव्हा मात्र जागचं हलायचं नाही.