न्यूयॉर्क: पाहुण्यांना घर दिल्याबद्दल तीन समन्स, मदत हवी आहे

क्वीन्सवासी
तातडीने मदत हवी आहे. शहराचे निरीक्षक येऊन दारावर तीन समन्स चिकटवून गेले. पाहुणे चार रात्रींसाठी भाड्याने उतरले होते. तिन्हींवर कलमं वेगळी आहेत. दंड भरून मोकळं व्हावं की वकील करावा? साइटवरची जाहिरात कालच काढली आहे. माहीत असेल त्यांनीच सांगा.

हडसनकाठ
अहो, एवढ्यावरून काय सांगणार? घर किती कुटुंबांचं? तुम्ही कुठे राहता? पाहुणे किती होते? थोड्या दिवसांच्या भाड्यासाठी शहराकडे करायची नोंदणी आहे का? सुनावणी कधी? तारीख प्रत्येक समन्सवर छापलेली असते, ती आधी बघा.

पोफळी
वकील कशाला? 30 दिवसांचा करार होता म्हणून दाखवा. 30 किंवा जास्त दिवस सलग राहणाऱ्यांसाठी ही नोंदणी लागतच नाही.

विटेकरी
पोफळीताई, हे कृपा करून सुचवू नका. निरीक्षक पाहुण्यांनाच विचारतात: कधी आलात, कधी जाणार, पैसे कुठे भरले. ती उत्तरं समन्समध्ये लिहिलेली असतात. त्यावर मागच्या तारखेचा करार ठेवला तर दंडाचं प्रकरण फसवणुकीवर जाईल.

क्वीन्सवासी
दोन कुटुंबांचं घर. आम्ही वर, पाहुणे खाली. चौघे होते. सुनावणी पुढच्या महिन्यात. नोंदणी नाही. मालक घरात असला की चालतं ना?

रानपाखरू
दोन कुटुंबांचं घर 'मल्टिपल ड्वेलिंग'मध्ये (अनेक कुटुंबांच्या इमारतीत) येत नाही, त्याला तीन कुटुंबं लागतात. त्या इमारतींचा कायदा तुम्हाला लागूच नाही, सुनावणीत तेवढंच सांगा.

हडसनकाठ
हे अर्धंच खरं. त्या कायद्यातला जाहिरातीचा दंड (पहिल्यांदा 1,000, दुसऱ्यांदा 5,000, पुढे 7,500 डॉलर) यांना लागत नाही. ते कलम समन्सवर असेल तर हा मुद्दा जरूर मांडा. पण लोकल लॉ 18 (हाच नोंदणीचा शहरी कायदा) आणि बांधकाम संहिता दोन कुटुंबांच्या घरालाही लागू आहेत. लोकल लॉ 18 ची अंमलबजावणी 5 सप्टेंबर 2023 पासून सुरू आहे. मालक घरात म्हणजे त्याच युनिटमध्ये, वर-खाली चालत नाही. पाहुणे दोनच, आणि त्यांना घरभर मोकळं फिरता आलं पाहिजे. खोलीच्या दाराला चावीचं कुलूप असलं तरी तिथेच अडतं. नोंदणी न केल्याचा दंड 5,000 डॉलर किंवा भाड्याच्या तिप्पट, यांतला कमी असेल त्या आकड्यापर्यंत.

जर्सीकर
वर्षात 15 पेक्षा कमी दिवस राहतं घर भाड्याने दिलं तर फेडरल रिटर्नमध्ये ते उत्पन्न दाखवावं लागत नाही. तेही लक्षात असू द्या.

रानपाखरू
टॅक्सचं कुणी विचारलं? त्याचा या दंडाशी काय संबंध?

विटेकरी
क्वीन्सवासी, आत्ता पैसे भरू नका. भरले की आरोप मान्य केला असं धरतात, आणि बांधकाम खात्याचं उल्लंघन तरीही नोंदीत उघडंच राहतं. ते बंद करायला दुरुस्ती झाल्याचा दाखला वेगळा द्यावा लागतो, फोटो आणि बिलांसकट. समन्सवर 'वर्ग 1' लिहिलंय का बघा. वर्ग 1 म्हणजे तात्काळ धोका, एका उल्लंघनाला 25,000 डॉलरपर्यंत. एकाच भेटीत सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सीविरुद्ध (इमारतीच्या मंजूर वापराच्या दाखल्याविरुद्ध) वापर, बाहेर पडण्याची वाट आणि फायर अलार्म अशी वेगवेगळी समन्स निघतात, म्हणून तिन्हींचं उत्तर वेगळं तयार ठेवा.

सुनावणी ओथ या शहराच्या न्यायाधिकरणात, फोनवरही होते. चुकवू नका, गैरहजेरीत सगळ्यात मोठा दंड लागतो. चुकलीच तर निर्णय पाठवल्यापासून 75 दिवसांत पहिल्यांदा अर्ज केल्यास नवी तारीख मिळते. निकालावर अपिलाला 30 दिवस, निकाल टपालाने आला तर 35.

आणि 'खाली' म्हणजे नक्की कुठे? पहिला मजला की तळघर?

क्वीन्सवासी
तळघर. बाहेरून वेगळं दार आहे. आत दोन खोल्या, दोन्हींना चावीची कुलपं.

विटेकरी
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. आता पाहुण्यांपेक्षा तळघर हाच मोठा प्रश्न आहे. फरशीपासून छतापर्यंत उंची मोजा, त्यातली बाहेरच्या जमिनीच्या वर किती ते पाहा. निम्मी किंवा जास्त वर असेल तर बेसमेंट, निम्म्याहून जास्त खाली असेल तर सेलर. शहराची मंजुरी नसेल तर दोन्ही भाड्याने देता येत नाहीत, आणि सेलरला ती मिळणं फार अवघड. दारावर लाल-पांढरा 'व्हेकेट'चा (जागा रिकामी करण्याच्या आदेशाचा) कागद आहे का? असेल तर तिथे कुणालाही झोपू देऊ नका. कुलपं काढण्याआधी दाराचे फोटो घ्या, काढल्यावर भोकं दिसतील असे जवळून पुन्हा घ्या. परवाना लागणारं काम निघालं तर नोंदणीकृत आर्किटेक्ट लागेल. वर्ग 1 ची समन्स एकाहून जास्त असतील तर वकील कराच.

क्वीन्सवासी
वर्ग 1 दोन आहेत. व्हेकेटचा कागद नाही. टेप घेऊन खाली चाललोय, उंची इथेच लिहितो.