अस्वस्थता, घालमेल, तगमग, तळमळ : अर्थ एकच का?

'निकाल लागेपर्यंत त्याच्या मनात अस्वस्थता होती' या वाक्यात घालमेल, तगमग, तळमळ यांतलं काहीही चालेल का, असं एका ताईंनी विचारलंय. माझ्या मते नाही चालणार. हल्ली सगळीकडे 'अस्वस्थता' लिहून आपण बाकीचे शब्द हातचे घालवतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

स्वस्थ म्हणजे 'स्व'मध्ये स्थिर, आपल्या जागी असलेला. हिंदीत तो निरोगी झाला, मराठीत निवांत राहिला. 'जरा स्वस्थ बस' असं आपण पोराला म्हणतो ते त्यामुळेच. म्हणून अस्वस्थ हा शब्द फार रुंद आहे. मन आपल्या जागी नाही एवढंच तो सांगतो, का नाही ते सांगत नाही.

ते सांगायला घालमेल आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की नदीकाठच्या गल्ल्यांत भेटेल तो विचारतो, 'किती झालं?' 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पाणी चढत असताना घराघरांत चालते ती घालमेल : सामान माळ्यावर टाकून इथंच थांबायचं की पाहुण्यांकडे निघायचं, जनावरं आत्ता हलवायची की पहाटे? घालमेलीला दोन टोकं लागतात. एकदा निघायचं ठरलं की ती संपते. पुढं निवारा केंद्रात बसलेला माणूस म्हणतो, 'जीव थाऱ्यावर न्हाई.' थारा म्हणजे आसरा, टेकायची जागा. घरात पाणी शिरलेल्या माणसाच्या तोंडी हा वाक्प्रचार शब्दशः खरा असतो. अशा वेळी 'नागरिकांमध्ये अस्वस्थता' अशी बातमी वाचली की ती फार लांबून लिहिल्यासारखी वाटते.

तगमग आधी अंगाची, मग मनाची. जत-आटपाडीकडे मे महिन्यात भर दुपारी वारा पडला की होते ती तगमग. तापानं फणफणलेल्या पोराचीही तगमगच.

तळमळ मात्र कशासाठी तरी असते. तुकोबांनी पाण्यावाचूनच्या मासोळीला हाच शब्द दिला, कारण तिला काय हवंय ते ठरलेलं आहे. म्हणूनच या एका शब्दाला मान मिळाला. दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी लढलेल्या नागनाथअण्णा नायकवडींबद्दल बोलताना 'तळमळ' म्हणावं लागतं. तिथं 'बेचैनी' लिहून बघा, वाक्य पडतं.

बेचैनमधला 'बे' फारसीतून आला. मराठीत चैन म्हणजे मौजमजा झाली, पण तिचा जुना 'आराम' हा अर्थ आपल्या बोलण्यात टिकलाय : 'दाढ दुखतीया, रातभर चैन पडंना.' चुळबूळ या सगळ्यांत वेगळी, कारण ती बाहेरून दिसते. भाषण लांबलं की सतरंजीवर होते ती.

आता ताईंचं वाक्य. निकालाची भीती असेल तर तिथं 'धाकधूक' हवी. दोन कॉलेजांत प्रवेश मिळतोय आणि कुठलं घ्यावं कळत नाही, असं असेल तर 'घालमेल'.