विजेट हाताने चालतं, स्टार्टअपला नाही

तुम्ही म्हणताय की घड्याळ आणि हवामानाचं विजेट पीसी चालू करताना येत नाही पण नंतर डबल क्लिक केलं की लगेच येतं, मग रिइन्स्टॉल करून काय होणार ओ, विजेट चांगलंच आहे, ते घाईत सुरू होतंय एवढंच. आमच्या काकांच्या सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या गाळ्यावर सेम हेच, जुनी हार्डडिस्क, त्यात लाईट जाऊन आली की राऊटरला नेट धरायला दोन मिनिटं लागायची, तोवर विजेटनं हवामान मागून झालेलं असायचं आणि मग दिवसभर रिकामा चौकोन.

आधी विंडोजच्या टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये ते डिसेबल झालंय का बघा, असेल तर तेच कारण. नसेल तर तिथून बंदच करा (नाहीतर दोनदा उघडतं) आणि टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप सुरू करणारं विंडोजचं टूल) विजेट सुरू करणारा नवीन टास्क बनवा, ट्रिगर म्हणजे कधी सुरू व्हायचं ते 'ॲट लॉग ऑन', खाली 'डिले टास्क फॉर' ला टिक करून १ मिनिट. ३० सेकंदही चालतात पण आमच्या डबड्याला पुरले नाहीत.

लॅपटॉप असेल तर कंडिशन्स टॅबमधली एसी पॉवरची टिक काढाच, ती आधीपासून असते आणि बॅटरीवर टास्क सुरूच होत नाही, माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली. आणि सेटिंग्ज टॅबमध्ये ३ दिवसांनी टास्क थांबवायची टिक असते तीपण काढा, काका पीसी कधी बंदच करत नाहीत, चौथ्या दिवशी विजेट गायब आणि मला फोन.

लिनक्सवर काँकी (डेस्कटॉपवर अशीच माहिती दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांनी तो सुरू करायच्या कमांडला -p 20 जोडा, वीस सेकंद थांबतं.