फुकट सर्व्हिसिंग बंद झालं: तुमचे अनुभव सांगा

मंडळी, नवी गाडी घेतली की पहिली काही वर्षं ऑइल चेंज, फिल्टर, टायर रोटेशन कंपनीच्या खर्चाने, याची इथे अमेरिकेत आपल्याला सवय झाली होती. ती सोय आटत चालली आहे. फोक्सवॅगनने २०१४च्या मॉडेलांपासून तीन वर्षं किंवा ३६,००० मैलांचं मोफत सर्व्हिसिंग एक वर्ष, १०,००० मैलांवर आणलं. बीएमडब्ल्यूने २०१७च्या मॉडेलांपासून चार वर्षं, ५०,००० मैलांचं तीन वर्षं, ३६,००० केलं. ब्रेक पॅड आणि रोटरही वगळले. गेल्या महिन्यात मी गाडी बुक केली, तेव्हा कागदांत मोफत सर्व्हिसिंगची ओळच दिसली नाही. "यंदापासून नाही," एवढंच उत्तर मिळालं. फार वाईट वाटलं. तुमचं काय झालं?

एडिसन, न्यू जर्सी
एकाच कंपनीच्या दोन गाड्या, मध्ये तीन वर्षं. पहिलीचे पुढचे ब्रेक फुकट बदलून मिळाले होते. दुसरीच्या वेळी तोच डीलर, म्हणून कागद वाचलाच नाही. ब्रेकचं बिल आलं सातशे डॉलरच्या वर. आता सही करण्याआधी मेंटेनन्सचं पान घरी आणून वाचतो.

फ्रिमाँट, कॅलिफोर्निया
आम्हाला डीलरकडे फायनान्सच्या खोलीत "प्रीपेड मेंटेनन्स", म्हणजे सर्व्हिसिंगचे पैसे आधीच भरायचा प्लॅन, घ्यायला लावला. महिन्याला फक्त तीस डॉलर, असं सांगितलं. घरी येऊन मॅन्युअल उघडलं आणि हिशेब मांडला: साडेपाच वर्षांच्या कर्जावर व्याजासकट जवळजवळ दोन हजार, आणि त्या प्लॅनच्या तीन वर्षांत मॅन्युअलप्रमाणे लागणार होते जेमतेम तीन ऑइल चेंज, एक केबिन फिल्टर. प्लॅन रद्द केला. पैसे हातात आले नाहीत, कर्जातून वळते झाले. हप्ता तोच राहिला, कर्ज थोडं लवकर फिटेल. नवऱ्याला वाटत होतं, आता कोण भांडणार. पण भांडावं लागलंच नाही, एक फॉर्म भरला. फायनान्सच्या खोलीत घाई करू नका, एवढंच कळकळीने सांगते.

ऑस्टिन, टेक्सस
बाहेर सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटी जाते, ही भीती काढून टाका. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे वॉरंटीसाठी डीलरकडेच जा, अशी सक्ती करता येत नाही. पण पावत्या लागतात. माझ्या इंजिनात ऑइल गळती निघाली तेव्हा प्रत्येक पावतीवर तारीख आणि मैल होते, म्हणून काम वॉरंटीत झालं. पावती हातात पडली की लगेच फोटो काढून ठेवा.

पुणे
आमच्याकडे पहिल्या तीन "फ्री सर्व्हिसिंग"ना फक्त मजुरी माफ होती. ऑइलचे पैसे पहिल्यापासून आम्हीच दिले.

शिकागोजवळ
मुलीसाठी वापरलेली गाडी शोधतेय. फुकटच्या काळातल्या गाड्यांच्या नोंदी डीलरकडे सलग सापडतात. नंतरच्या दोन गाड्यांत वीस-वीस हजार मैलांत एकही ऑइल चेंज नोंदलेला नव्हता. केला असेलही, पण कशावरून मानायचं? दोन्ही सोडल्या.

धागा काढणारी
तुमचं वाचून परत डीलरकडे गेले. किंमत कमी करणार नाही म्हणाले. पहिले दोन ऑइल चेंज मात्र कबूल केले. तोंडी नको म्हटलं, "वुई ओ"च्या कागदावर (डीलर आपल्याला काय देणं लागतो ते लिहायचा कागद) लिहून मॅनेजरची सही घेतली. गाडी शनिवारी येतेय.