वस्तीला विचारून आरोग्य सुधारतं का, की नुसत्या मिटिंगा होतात? (ठाणे-नवी मुंबई)

ऐरोलीकर८३
बरेच दिवस डोक्यात आहे, टाकूनच देतो. ठाणे-बेलापूर रोडच्या डोंगराकडच्या बाजूला एका वस्तीत मी वाढलो, आई अजून तिथेच राहते. मागच्या पावसाळ्यात डेंग्यूचं पथक आलं, दारावर पत्रक चिकटवलं, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, पाणी साठवू नका. आता तिथे पाणी येतं पहाटे साडेचारला, पाऊण तास, तेही दिवसाआड. आई त्या मुलाला म्हणाली, "बाळा पाळते की कोरडा, त्या दिवशी पाणी तू आणून देशील ना?" तो बिचारा हसला, दोन पिंपांत औषध टाकलं, भिंतीवर खडूने तारीख लिहिली आणि गेला पुढच्या दारी.

माझं म्हणणं एवढंच की पत्रक छापायच्या आधी नळावरच्या चार बायकांना विचारलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, झाकण कुठाय? निळे ड्रम सगळे सेकंडहँड, कंपन्यांतून आलेले, झाकण कधीच गेलेलं. शेवटी बायकांनीच तोडगा काढला, जुन्या सुती साडीचा डबल तुकडा आणि वरून सायकलच्या ट्यूबची रिंग, पंक्चरवाला फुकट देतो. नगर जिल्ह्यात जामखेडला आरोळे डॉक्टर नवरा-बायको १९७० मध्ये आरोग्याचं काम करायला गेले तेव्हा गावाने आधी पाणी आणि अन्न मागितलं होतं, औषध नंतर. पन्नास वर्षं झाली, आपण अजून आधी पत्रकच वाटतोय.

घोडबंदर_नाना
भावनिक पोस्ट छान आहे पण प्रॅक्टिकल नाही. आमच्या सोसायटीत डेंग्यूच्या चार केसेस झाल्या, सेक्रेटरीने नोटीस लावली, कुंड्यांखालच्या प्लेटा काढा, लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी उपसा, नाहीतर दंड. दोन आठवड्यांत विषय संपला. कोणाला काय विचारायचंय त्यात? डास मतदान करून अंडी घालत नाही. आणि 'समुदाय' म्हणजे नक्की कोण हो? वस्तीत मिटिंग लावली की पुढच्या खुर्चीवर कोण बसतं ते आपण सगळे जाणतो, भाऊंचे चार कार्यकर्ते. बोलणार ते, फोटो त्यांचा, आणि खाली लिहिणार 'लोकसहभागातून'.

ऐरोलीकर८३
नाना, तुमच्याकडे नोटीस चालली कारण नळ उघडला की पाणी येतं. प्लेट काढायला तुमचं काय गेलं? आईने ड्रम रिकामा केला तर दुसऱ्या दिवशी भात शिजायचा नाही. तीच सूचना, एकाला फुकटात पडते, दुसऱ्याला दिवस मोडून. कार्यकर्त्यांचं मात्र १०० टक्के मान्य.

फवारणीवाला
मी याच कामात आहे, कुठे ते विचारू नका. पथक म्हणजे आम्ही दोघं आणि घरं शेकड्याने. तुमच्या साडीच्या कापडाबद्दल बोलतो. आयडिया चांगलीये पण कापड सैल झालं की मधोमध खोलगट होतं, पाण्याला टेकतं, ओलं राहतं आणि मादी तिथेच अंडी घालते. एडिसची, म्हणजे डेंग्यूच्या डासाची, अंडी ड्रमच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात, पाणी ओतून दिलं तरी ती कोरडी पडून महिनोन् महिने जिवंत राहतात, म्हणून नुसतं रिकामं करून भागत नाही, घासावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८-१० दिवस, आठवड्याचा हिशोब तिथून आलाय, कोणाच्या मनातून नाही. म्हणजे लोकांना विचारा जरूर, पण लोकांना सगळं माहीतच असतं असंही नाही ना.

आणि एक गंमत सांगतो, लोकांना विचारलं की पहिली मागणी कायम धुराची! संध्याकाळी धूर मारून जा साहेब. हा डास चावतो दिवसा, धुराने मरतो फक्त उडणारा, अळ्या आत मजेत. पण धूर दिसतो, अळ्या कोणाला दिसत नाहीत.

आशाताई_कळवा
सगळे दादा बोलून झाले असतील तर मी बोलते. समितीत सहभाग, सर्वेक्षणात सहभाग, जनजागृतीत सहभाग, हे सगळे सहभाग शेवटी आशाच्याच पिशवीत येऊन पडतात. महिला आरोग्य समिती माहितीये का कोणाला? शहरातल्या वस्तीत ५० ते १०० घरांमागे एक, वर्षाचे ५००० रुपये. त्यात सतरंजी, चहा, बोर्ड. मिटिंग दुपारी ३ ला, कारण मॅडमना ५ ला निघायचं असतं. दुपारी ३ ला बाया कुठे असतात, तर तुमच्या टॉवरमध्ये भांडी घासायला नाहीतर कंपनीत पॅकिंगला. मग येतात कोण, म्हाताऱ्या आणि बाळंतिणी, त्यांच्या सह्या घ्यायच्या आणि झाला समुदाय.

२०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा सन्मान केला, आम्ही स्टेटस ठेवले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात त्याच आशा मोबदल्यासाठी संपावर होत्या. लोकांना सामील करून घ्या म्हणणाऱ्याने आधी सांगावं पैसे कोण देणार, कारण फुकटचा सहभाग नेहमी बाईकडूनच मागतात.

आकडेमोड
जरा पुरावा बघूया का. झारखंड-ओडिशात बायकांचे गट करून, दर महिन्याला बसून, चित्रं आणि गोष्टींतून बाळंतपणाचे प्रॉब्लेम त्यांनीच शोधायचे आणि उपाय त्यांनीच ठरवायचे असा प्रयोग झाला, २०१० ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, नवजात बाळांचे मृत्यू तीन वर्षांत जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. भारीच. पण साधारण तोच प्रकार मुंबईच्या झोपडपट्ट्यांत केला, ४८ वस्त्या, निम्म्यांत गट निम्म्यांत नाही, निकाल २०१२ ला, आणि गट असलेल्या वस्त्यांत नवजात बाळांचे मृत्यू काही कमी झाले नाहीत. त्यामुळे गावातलं मॉडेल उचलून मुंब्रा-दिघ्यात आणून ठेवलं की चालेल हा भाबडेपणा आहे.

घोडबंदर_नाना
घ्या. मी काय म्हणत होतो.

ऐरोलीकर८३
नाना घाई करू नका. मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीच दवाखान्यात होत होती, तिथून पुढे बाळ वाचणं हे दवाखान्याच्या हातात, बायांच्या गटाने वस्तीत बसून काय करायचं? शिवाय भाडेकरू. आमच्या गल्लीत ११ महिन्यांनी निम्मी घरं बदलतात, गट जमेपर्यंत माणसंच नवी. यावरून विचारू नये असं निघत नाही, त्यांच्या हातात काय आहे तेच विचारावं असं निघतं. ड्रमचं तोंड त्यांच्या हातात आहे. पाण्याची वेळ नाही, आणि नेमकी तीच बदलायची असेल तेव्हा कोणी मिटिंग लावत नाही.

आकडेमोड
हे पटण्यासारखं आहे, तरी मोजल्याशिवाय मी मानणार नाही. २० ड्रम कापडवाले, २० बिनकापडाचे, दर आठवड्याला टॉर्च मारून अळ्या बघा. फुकटात होतं.

आशाताई_कळवा
आणि टॉर्च कोण मारणार? 🙂 १९७८ च्या अल्मा-आटाच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्यात लिहिलंय, ट्रेनिंगला सांगितलं होतं आम्हाला, आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणं हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य. बघा बरं, नियोजनाला बोलावतात का कधी? आम्हाला कर्तव्याच्याच दिवशी बोलावतात.

घोडबंदर_नाना
ताई, दुपारी ३ चं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना आज विचारलं, त्या म्हणाल्या कसली समिती? बाकी मतावर मी कायम आहे.

ऐरोलीकर८३
आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. तिचं म्हणणं, मिटिंग घ्यायचीच तर पाण्याच्या वेळी नळावर घ्या, सगळ्या तिथेच असतात, सतरंजी पण लागत नाही. फवारणीवाले दादा, याल का साडेचारला?

फवारणीवाला
साडेचारला नाही जमणार, पहिली गाडी कुठली धरू? माझी हजेरी ७ ला असते, तुमचं पाणी गेलं की लगेच सव्वापाच-साडेपाचला बाया थांबतील का १५ मिनिटं? थांबल्या तर एक ड्रम रिकामाच ठेवायला सांगा, कुठे घासायचं ते दाखवतो. आणि ते कापड तोवर ताणून बांधा हो, ट्यूबची रिंग डबल घ्या.