‘मनुष्यबळ नियोजन’ म्हणजे माणसं मोजणं की जुळवणं?

हिंजवडीकर
ऑफिसच्या मराठी अंकासाठी आमच्या टीमच्या कामावर लेख लिहितोय. पुढच्या दोन तिमाहींत कुठली कामं येतील, त्यांना कोणती कौशल्यं लागतील आणि ती कौशल्यं असलेली माणसं तेव्हा मोकळी असतील का, हे आम्ही आधी बघून ठेवतो. ‘मनुष्यबळ नियोजन’ लिहिलं की भरतीची जाहिरात वाटते. आम्ही आपसात ‘रिसोर्सिंग’ म्हणतो, आणि काम नसलेला माणूस ‘बेंचवर’. बरा मराठी शब्द आहे का?

निवृत्त मुख्याध्यापिका
शाळांमध्ये संचमान्यता आणि समायोजन हे शब्द रोजचे. पटावरच्या मुलांवरून किती शिक्षक मंजूर, हे संचमान्यतेत ठरतं. जास्तीचे ते ‘अतिरिक्त’. त्यांना दुसऱ्या शाळेत सामावून घेणं म्हणजे समायोजन. गंमत अशी की जागा रिकामी गणिताची आणि अतिरिक्त ठरलेला शिक्षक मराठीचा. आकडा जुळतो, वर्ग रिकामाच. बेंचवरच्यांना ‘अतिरिक्त’ मात्र लिहू नका हो, त्या शब्दानं आमच्याकडे लोकांची झोप उडायची.

हिंजवडीकर
बाई, समायोजन छान आहे, पण ते माणूस जास्त झाल्यावरचं. आमचा जीव त्याआधीच टांगलेला असतो. क्लायंटला सहा आठवड्यांत चार जण हवेत आणि बाहेरून घ्यायचे तर नोटीस पीरियड 90 दिवसांचा. आधीच घेऊन ठेवले आणि काम लांबलं, तर पगार चालूच. ‘बेगमी’ म्हणू का?

चाकणवाला
बेगमी नको. डब्यातला गहू राजीनामा देत नाही.
शॉपफ्लोअरवर आम्ही माणसं ‘लावतो’: ‘वेल्डिंगला दोन माणसं लाव.’ पण कोण कुठे लागेल ते भिंतीवरच्या स्किल मॅट्रिक्सवर दिसतं. उभी ऑपरेटरांची नावं, आडवी स्टेशनं, प्रत्येक चौकटीत एक वर्तुळ. पाव भरलं म्हणजे शिकतोय, अर्धं म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, पाऊण म्हणजे एकटा सांभाळतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. या महिन्याचं शेड्यूल पक्कं असतं, पुढच्या दोन महिन्यांचं अंदाजे. त्या अंदाजावर अर्धी वर्तुळं पाऊण करून घ्यायची, हेच खरं काम. ‘मनुष्यबळ’ म्हटलं की ही वर्तुळं पुसली जातात, उरतो आकडा.
जाता जाता: ‘बदली’ कामगार हा आपला शब्द 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात इंग्रजी मजकुरातही ‘बदली’ म्हणूनच होता. तेव्हा शब्द नाहीत म्हणून रडायला नको.

इंदापूरकर
आयटीवाल्यांच्या आधीपासून हे साखर कारखाने करतायत. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं, पण ऊसतोड टोळ्या आणणाऱ्या मुकादमाशी करार आणि उचल, म्हणजे कामाआधी दिलेले पैसे, त्याच्या कितीतरी आधी. रोज किती टन गाळायचं, त्याला किती ऊस तुटायला हवा, त्यासाठी किती कोयते, म्हणजे किती टोळ्या, असा उलटा हिशेब. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा आला तर अर्धा. उचल घेऊन टोळी आलीच नाही, हेही घडतं. तुमच्याकडे ऑफर घेऊन रुजू न होणारे असतात ना, तेच.
कोयत्यात बाई मोजली जाते. हिशेब मात्र बहुतेक नवऱ्याच्या हातात. ‘रिसोर्स’ म्हणताना हे आठवावं. हत्याराच्या नावानं माणूस मोजला की त्याच्याकडे बघायचं राहून जातं.

हिंजवडीकर
‘रिसोर्स’ काढला. ‘कौशल्य-जुळणी’ कसं वाटतं?

चाकणवाला
आमच्याकडे जुळणी म्हणजे सुटे भाग जोडणं. छापखान्यात अक्षरजुळणी.

निवृत्त मुख्याध्यापिका
‘मेळ’ घ्या. मेळ बसतो, बसत नाही, घालावा लागतो. तिन्ही गोष्टी तुमच्याकडे रोज होत असणार. रोकडीच्या रोजमेळातही तोच शब्द. ‘मनुष्यबळाचा आगाऊ मेळ’ असा मथळा द्या.

चाकणवाला
बाई, ‘आगाऊ’ पुण्यात छापलात तर लोक माणसांनाच लावतील.

हिंजवडीकर
😄 ‘आगाऊ’ गाळतो. ‘कामाचा आणि कौशल्याचा मेळ’ एवढंच ठेवतो. पुढच्या तिमाहीचं ते पहिल्या वाक्यात. ‘बेंच’ मात्र बेंचच राहू दे.