बी विंगच्या जिन्याखालची गाडी

सेक्रेटरी (ए-१०१): नमस्कार मंडळी 🙏 रंगकाम सुरू होण्याआधी पार्किंग मोकळं करायचं आहे. ज्या गाड्या वर्षभरात जागच्या हललेल्या नाहीत त्या रविवारपर्यंत हलवा, नाहीतर भंगारवाल्याला बोलवावं लागेल. बी विंगच्या जिन्याखाली निळ्या ताडपत्रीत एक मोटरसायकल आहे. कोणाची आहे?

सी-४०३: सकाळी ताडपत्री उचलून बघितली. पुढून बुलेट वाटते, पण इंजिन भलतंच आहे, शेतावरच्या पंपाला असतं तसलं. कोणीतरी घरच्या घरी जोडकाम केलंय. अशी विचित्र गाडी ठेवून काय करायचं?

बी-३०४ काका: ती माझी आहे. म्हणजे वडिलांची. जोडकाम नाही, कंपनीतूनच तशी आली. रॉयल एनफिल्डची डिझेलवर चालणारी टॉरस, नव्वदच्या दशकातली. ३२५ सीसी, साडेसहा हॉर्सपॉवर. आरसी माझ्याकडे आहे, रिन्युअल मात्र राहिलंय.

ए-५०२ ताई: डिझेलची मोटरसायकल? मी तर पहिल्यांदाच ऐकतेय. काका, पेट्रोलच्या गाड्या होत्याच ना तेव्हा?

बी-३०४ काका: होत्या की. पण आमची द्राक्षबाग तासगावच्या पुढे. पेट्रोलसाठी तालुक्याला जायला लागायचं. शेतातल्या इंजिनासाठी डिझेलचा कॅन मात्र गोठ्याशेजारी कायम भरलेला. वडील त्याच कॅनमधून दोन लिटर गाडीत ओतायचे आणि निघायचे. वेग बेताचाच, पण त्यांना कुठे शर्यत लावायची होती? औषधाचे डबे, खताचं पोतं आणि मागे मी. बांधावरून येताना तिचा डग डग डग आवाज आईला अर्ध्या कोसावरून कळायचा, मग ती चहा टाकायची.

सी-४०३: काका, तुमच्या भावना समजतात. वाईट वाटून घेऊ नका. पण दिसायला विचित्रच आहे ती.

बी-३०४ काका: वाईट नाही वाटलं. पण विचित्र म्हणालास म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी एकतीस वर्षं भोसरीत क्लच बनवण्याच्या खात्यात काढली. क्लच म्हणजे काय, तर इंजिन आणि चाक यांची फारकत करणारा भाग. गाडी उभी, इंजिन चालू, हे फक्त त्याच्यामुळे जमतं. तर मुलगी म्युनिकला शिकायला गेली आणि तिथल्या संग्रहालयातून तिनं मला व्हिडिओ कॉल लावला. म्हणाली, बाबा, ही गाडी बघा, हिला क्लचच नाही.

गाडीचं नाव मेगोला. म्युनिकलाच १९२१ ते १९२५ या काळात बनली, सगळ्या मिळून दोन हजारांच्या आसपास. तिचं इंजिन पुढच्या चाकात आहे. चाकाला जोडलेलं नव्हे, चाकाच्या आत! पाच सिलिंडर, फुलाच्या पाकळ्यांसारखे मध्यापासून बाहेर, एकूण ६४० सीसी. चाक फिरलं की सिलिंडरही त्याच्यासोबत फिरतात. आतमध्ये दातेरी चक्रांची अशी रचना की चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाचे सहा फेरे व्हावेत. क्लच नाही, गिअरबॉक्स नाही, साखळी नाही. मी मुलीला म्हटलं, फोन आऱ्यांच्या जवळ धर. आऱ्यांच्या मधून सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्या दिसत होत्या. अर्धा तास बघत बसलो.

डी-१०२: काका, क्लच नाही तर सिग्नलला थांबायचं कसं?

बी-३०४ काका: बरोबर तिथेच बोट ठेवलंस. थांबलं की इंजिन बंद. पुन्हा चालू करायला गाडी स्टँडवर चढवून पुढचं चाक हातानं फिरवायचं, नाहीतर ढकलत पळायचं. म्हणून लोक चौकात गाडी थांबवतच नसत, रस्ता मोकळा होईपर्यंत तिथल्या तिथे छोटे गोल मारत राहत.

बी-२०१ वहिनी: बाई गं! आपल्या चांदणी चौकात असं करून बघा म्हणावं.

बी-३०४ काका: शहरात अवघडच. पण मोकळ्या रस्त्यावर तिला तोड नव्हती. वजन सगळं खाली, त्यामुळे जमिनीला धरून चालायची. १९२४ साली टोनी बाउहोफर या स्वारानं तिच्यावर जर्मनीची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. पुढचं चाक पंक्चर झालं तर काय? एवढं इंजिन असलेलं चाक रस्त्यात खोलणार कोण? म्हणून त्यांनी ट्यूब गोल केलीच नाही. सापासारखी लांब, दोन्ही टोकं बंद. चाक न काढता टायरमधून ओढून काढायची, ठिगळ लावायचं, परत सरकवायची. ज्यानं हा विचार केला तो माणूस रस्त्याकडेला बसून पंक्चर काढलेला असणार, हे मी पैजेवर सांगतो.

सी-४०३: ट्यूबची आयडिया खरंच जबरदस्त आहे.

डी-१०२: काका, माझ्या ई-स्कूटरची मोटर मागच्या चाकातच आहे. हब मोटर. क्लच नाही, गिअर नाही. मग ही मेगोलाच झाली की!

बी-३०४ काका: शाब्बास. मी हेच लिहिणार होतो. कल्पना तीच, फरक एवढाच की विजेची मोटर शून्यापासून जोर लावते. उभी राहिली तरी बिघडत नाही, ॲक्सिलरेटर पिळला की निघाली. पेट्रोल इंजिनाला ठरावीक फेरे लागतातच, त्याच्या खाली गेलं की ते मरतं. म्हणजे मेगोलावाल्यांची मांडणी चुकलेली नव्हती, त्यांच्या हातात तुझी मोटर नव्हती. तुझी गाडी बघितली की मला दर वेळी त्यांची आठवण येते.

ए-५०२ ताई: मेगोलाच्या आधी गाड्या कशा होत्या मग?

बी-३०४ काका: त्याहून चमत्कारिक. १८८५ ची जर्मनीच्या गॉटलीब डाइमलर यांची गाडी चक्क लाकडी, आधाराला बाजूला दोन छोटी चाकं, अर्धा हॉर्सपॉवर. ती इंजिन तपासायला बनवली होती. त्यांचा मुलगा पाउल ती घेऊन निघाला तर खाली इंधन पेटवायला असलेल्या तापलेल्या नळीमुळे सीटनं पेट घेतला. नंतर १८९४ मध्ये म्युनिकच्याच हिल्डेब्रांट आणि वोल्फम्युलर यांची गाडी आली, विकण्यासाठी कारखान्यात संख्येनं बनलेली पहिली मोटरसायकल. १,४८९ सीसी आणि ताकद फक्त अडीच हॉर्सपॉवर! पिस्टनचे दांडे सरळ मागच्या चाकाला जोडलेले, वाफेच्या रेल्वे इंजिनासारखे. पिस्टन मागे यायला मदत म्हणून रबराचे जाड पट्टे. मागच्या चाकाचा मडगार्ड म्हणजेच इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी. तिलाही क्लच नाही. इंजिन कुठे, टाकी कुठे, ताकद चाकापर्यंत न्यायची कशी, काहीच ठरलेलं नव्हतं तेव्हा. आज सगळ्या गाड्यांत या गोष्टींच्या जागा ठरून गेल्यात, म्हणून आपल्याला ते विचित्र वाटतं.

बी-२०१ वहिनी: भावजी, आमच्या वेळी एका स्कूटरवर चौघं जायचो. थोरला पुढे उभा, धाकटी माझ्या मांडीवर. अशा संसाराचा विचार कोणी गाडी बनवताना केला होता का?

बी-३०४ काका: वहिनी, केला होता! चेकोस्लोव्हाकियात आल्बिन लीबिश नावाच्या माणसानं. बोमरलँड ही त्याची गाडी, १९२४ ते १९३९. लांबी तीन मीटरच्या वर. तिघांना एकामागे एक नीट बसता यायचं, आणि लष्करासाठी चौघांची सोय असलेलीही बनवली. एवढी माणसं बसल्यावर पेट्रोलची टाकी ठेवणार कुठे? म्हणून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लांबट टाक्या लावल्या. चाकं तारांच्या आऱ्यांची नाहीत, ॲल्युमिनियमची ओतीव. आज शोरूममध्ये अलॉय व्हील म्हणून जे दाखवतात ते या माणसानं शंभर वर्षांपूर्वी रस्त्यावर आणलं होतं. मला हा गृहस्थ फार मोठा वाटतो. दोघांच्या सीटवर चौघांनी दाटीवाटी करू नये म्हणून त्यानं गाडीच लांब केली.

ए-५०२ ताई: चेक म्हणजे जावावालेच ना? बाबांची जावा होती, म्हैसूरला बनलेली. तिची किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवायचा आणि तोच गिअर. मला लहानपणी वाटायचं सगळ्याच गाड्यांना असं असतं.

बी-३०४ काका: हो ताई, त्याच देशातले. एका दांड्यात दोन कामं. किती सुबक काम होतं ते!

सी-४०३: काका, माझं बोलणं मागे घेतो. सकाळी मी इंजिन बघून जोडकाम म्हणालो, ते नीट न बघताच. पण सेक्रेटरी साहेबांचा प्रश्न राहतोच. रंगाचे परांचे जिन्यापाशीच लागणार आहेत.

सेक्रेटरी (ए-१०१): सगळं वाचलं. काका, भंगाराचं मी सगळ्यांना लिहिलं होतं, तुम्हाला उद्देशून नाही. पण गाडी तिथून हलवायलाच लागेल. डी विंगच्या मागे शेड आहे, पंप रूमच्या बाजूला. रंगकाम होईपर्यंत तिथे राहू द्या. नंतर मात्र ती चालती हवी आणि कागद पूर्ण हवेत, नाहीतर उद्या दुसरे पण म्हणतील आमचीही राहू द्या.

बी-३०४ काका: मान्य. तुमचं बरोबर आहे, चूक माझीच. वडील गेल्यानंतर मी तिला हात लावला नाही. रिन्युअलचं या महिन्यात बघतो. फक्त ती एकट्याला ढकलता येणार नाही, टायर दोन्ही बसलेत.

डी-१०२: मी येतो काका. पायपंप आहे माझ्याकडे. रविवारी सकाळी साडेसात चालेल?

सी-४०३: मी पण येतो. चालू करून बघायची का?

बी-३०४ काका: आधी टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढायचं, एक रिकामा कॅन आणा. फिल्टर मी आणतो. आणि सी-४०३, किक मारायची असेल तर एक लक्षात ठेव. आधी डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधली दाबलेली हवा सोडणारा खटका दाबून पिस्टन वर आणायचा, मग खटका सोडायचा, मग पूर्ण वजन टाकून एकच किक. नुसती मारलीस तर दांडा उलटा येऊन नडगीवर बसेल. चप्पल नको, बूट घालून ये.